आधी उलटा हात

काका कुठल्याही वस्तूला आधी उलटा हात लावायचे. लोखंडी फाटक असो, खुर्चीचा पाय असो, चहाचा स्टीलचा पेला असो. बोटांची पाठ क्षणभर टेकवायची, मग सरळ हाताने धरायचं. पेल्याच्या बाबतीत हे शहाणपण मलाही कळायचं. पण आमचं प्लायवूडचं टेबल?

"करंट असला त सरळ हाताची मूठ आवळते गा, सुटत नाई," ते म्हणायचे. "उलटा हात फेकला जाते. मानूस वाचते."

सारी नोकरी त्यांनी खांबांवर काढली होती. लाइनमन म्हणून निवृत्त झाले आणि चित्रं काढू लागले.

मी वर्ध्यातल्या एका लहानशा कलादालनाचा व्यवस्थापक. म्हणजे झाडू मारण्यापासून उद्घाटनाच्या समईत तेल घालण्यापर्यंत सगळं. आणि विजेला इतका भितो की घरी गिझरचं बटन लाटण्याने दाबतो. पिपरी मेघेच्या आमच्या घरात यावर एवढं हसून झालंय की आता कुणी हसतही नाही. पोळ्यांच्या वेळी बायको फक्त बाथरूमकडे तोंड करून विचारते, "लाटणं झालं काय?"

तर अशा माणसाकडे काका जुन्या फ्लेक्सची भेंडोळी घेऊन आले. फ्लेक्सच्या पुढच्या बाजूला वाढदिवसाच्या शुभेच्छा, मागच्या बाजूला जनावरं. रानडुक्कर, चितळ, रोही म्हणजे नीलगाय. हिंगणीकडे जंगलाला लागून वावरं आहेत. तिथे पीक राखायला काही जण कुंपणाच्या तारेत चोरून करंट सोडतात. काकांना अशाच एका वावरात लाइन बंद करायला बोलावलं होतं. तारेला चिकटून रोही मेलेली, आणि तिचं पिल्लू चार हात लांब उभं. लाइन बंद झाल्यावरही ते जवळ आलं नाही म्हणे.

पण चित्रांत एकही मेलेलं जनावर नव्हतं. प्रत्येक जनावर तारेपासून वीतभर अलीकडे. मान पुढे, नाक पुढे.

"मेलेलं पाहून लोक च्या प्यायले जातात," काका म्हणाले. "हे पाहून जाऊन दाखवा म्हना."

खरंच सांगतो, त्या चित्रांपाशी एकटं थांबवत नसे. आता टेकेल, आता टेकेल असं वाटत राही.

एवढ्यावर थांबतील तर ते काका कसले! त्यांनी दालनभर, चित्रांच्या पुढे, गुडघ्याच्या उंचीवर खरी तार ताणली. प्रत्येक जण मलाच विचारी, "करंट आहे का हो?" काका परस्पर सांगत, "लावून पाहा ना हात." सगळ्या प्रदर्शनात एकानेही लावला नाही. तार मीच त्यांच्यासोबत बांधली होती, तरी झाडू मारताना मीसुद्धा ती टाळूनच जायचो.

रोहीच्या चित्रातलं वावर मी ओळखलं. सिंदीचं वाकडं झाड, निळा ड्रम. माझ्या साळ्याचं वावर. म्हणजे रोही मेली ती त्याच्याच तारेला. उद्या बायकोकडचे पाहुणे आले तर? मी शूरपणे ते चित्र उचललं आणि दाराच्या मागे टांगलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी दार ओढून पाहिलं. "हे रोही दारामागे काऊन लपली गा?"

"तिथं... ऊन लागत नाही."

"साळा हाय न तुहा? मले मालूम हाय. संध्याकाळी चाल माह्यासंग."

दिवस बुडताना आम्ही हिंगणीच्या बांधावर पोचलो. मी रबरी चपला घालून गेलो होतो, शिवाय खिशात लाकडी चमचा. साळा विजेच्या तारांखाली उभा होता. हातात लांब बांबू, टोकाला आकडा. आकडा वरच्या तारेवर टाकला की कुंपणात करंट.

"भाऊजी, तुमी इकडं?"

 काका सरळ कुंपणापाशी गेले, खाली बसले आणि तार धरली. उलट्या हाताने नाही. सरळ हाताने, मूठ आवळून.

"टाक आकडा," ते म्हणाले.

"मजाक नोका करू, काका. हटा."

"रोहीले म्हनलं होतं काय तुनं, हट म्हनून? टाक."

बांबू वर उचललेला होता. आकडा वरच्या तारेपासून वीतभर. ते अंतर मी ओळखलं. चित्रांत रोज पाहत होतो.  खिशातला चमचा मी घट्ट धरला होता.

साळ्याने बांबू खाली घेतला. आडवा टाकला आणि मटकन बसला. "डुकरं एका रात्रीत हरभरा नांगरून टाकतात, काका. मी काय खाऊ मंग?"

"डबा वाजवायले मी येत जाईन."

काकांची मूठ मात्र उघडेना. मी एकेक बोट सोडवलं. तळहात घामाने थंडगार.

"काका, तुम्ही भ्यालात?"

"मंग? भेव नसतं त लाइनमन म्हातारा झाला असता काय?"

तो सगळा हिवाळा काका साळ्याच्या मचाणावर डबा बडवत होते. साळा माझ्या बायकोला सांगायचा, "बाई, म्हातारा डुकराईपेक्षा जास्त जागवते." आणि त्यांच्यासाठी घरून पिठलं-भाकरी न्यायचा.

पुढच्या वर्षी तेच प्रदर्शन पुन्हा लागलं. शेवटच्या दिवशी काका आले नाहीत. दुपारी त्यांच्या मुलीचा फोन आला. झोपेतच गेले होते.

तीन-चार दिवसांनी चित्रं उतरवायला साळा माझ्यासोबत आला. दार लोटलं. भिंतीवर सगळी जनावरं तशीच, वीतभर अलीकडे. पुढे तार तशीच ताणलेली. चित्रं उतरवण्याआधी ती सोडायची होती.

"करंट नाई न, भाऊजी?" साळ्याने विचारलं.

"नाही रे."

तरी आम्ही दोघं बराच वेळ उभे होतो. मग दोघांनी एकदमच हात पुढे केले. उलटे.