साहेबाचं स्टेशन आणि अब्बांचा अर्ज

मी घर सोडलं त्या दिवशी माझं तिकीट अब्बांनीच फाडून दिलं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या आमच्या करंजवणे बंदरावर ते बोट कंपनीचे बुकिंग क्लार्क होते. मुंबई-गोवा बोट आमच्याकडे धक्क्याला लागत नसे. बाहेर खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावातून, म्हणजे मोठ्या होडीतून, तिच्यापर्यंत न्यावं लागे. एरवी अब्बा किनाऱ्यावरूनच पडाव सोडायचे. त्या दिवशी मात्र वही मिटून तेही माझ्याबरोबर पडावात बसले. मी बोटीच्या शिडीला हात घातला तेव्हा म्हणाले, "हसन, पत्र मराठीतच लिव. आईला वाचून दाखवायचं असतं." बोट हलली तरी त्यांचा पडाव तिथेच डुलत होता.

मुंबईहून पुढे मोठ्या बोटीने मी दुबईला पोचलो. साठीचं दशक होतं. अमिरात हे नावसुद्धा अजून पडायचं होतं. खाडीच्या दोन्ही बाजूंना मातीची घरं, पिण्याचं पाणी गाढवावरून यायचं. आज माझ्या नातवंडांना हे सांगितलं की ती म्हणतात, "दादा, you're making it up." आणि पुन्हा मोबाइलमध्ये बघतात.

रस्ते बांधणाऱ्या एका इंग्रज कंपनीच्या साइट ऑफिसात मी टायपिस्ट झालो. ऑफिस म्हणजे लाकडी केबिन, एक पंखा आणि सगळ्या कागदांवर वाळू. वरचे साहेब टर्नर. वयाने पन्नाशीचे, लढाईच्या काळात मुंबईत राहिलेले, त्यामुळे मोडकंतोडकं हिंदी बोलायचे. माणूस भला होता, हे आधीच सांगतो.

एका सकाळी ते घरून आलेलं पत्र हातात धरून बसले होते. त्यांच्या गावाचं रेल्वे स्टेशन बंद होणार होतं. त्या वर्षांत विलायतेत अशी शेकडो छोटी स्टेशनं बंद करायला काढली होती. ज्यांची अडचण होईल त्यांनी लेखी हरकत घ्यावी, अशी सोय होती. साहेबांनी हरकत घ्यायचं ठरवलं आणि ते काम माझ्या मशीनवर आलं.

त्या कागदात त्यांना स्टेशनचा सगळा इतिहास घालायचा होता. दगडाच्या खाणीसाठी ती लाइन कशी टाकली, वडील तिथे स्टेशनमास्तर कसे झाले, सकाळच्या गाडीने दुधाचे कॅन कसे जात, आठवड्याच्या बाजाराला बायका कशा येत. वेटिंग रूममध्ये कोळशाची शेगडी होती. त्यांची म्हातारी आई त्याच गाडीने शेजारच्या शहरातल्या हॉस्पिटलला जायची. एक मसुदा झाला की त्यांना नवीन काही आठवायचं. "हसन, यल्ला, एक पेज और!" यल्ला म्हणजे अरबीत चल. मी पुन्हा कागद चढवायचो. महिनाभरात मला ते स्टेशन इतकं पाठ झालं की डोळे बांधून सोडलं असतं तरी पार्सल ऑफिस सापडलं असतं.

त्याच महिन्यात अब्बांचं पत्र आलं. कंपनी आमच्या बंदरावर बोट थांबवणं बंद करायच्या विचारात होती. पावसाळा संपून बोटी सुरू व्हायच्या आधी कंपनीचा साहेब पाहणीला येणार होता. अब्बांनी लिहिलं होतं, "गावाच्या वतीने इंग्रजीत एक अर्ज पाहिजे. काय काय लिहायचं ते मी मराठीत दिलं आहे. तू इंग्रजी कर. मी लोकांना सांगितलं आहे, हसन करील."

सोबत दोन पानं होती, बुकिंगच्या वहीतल्यासारख्या सरळ अक्षरात. बोटीने किती गावांची माणसं जातात. आंब्याच्या पेट्या, सुकी मच्छी, टपालाची थैली. बाळंतपणात अडलेली बाई खाटेसकट पडावात घालून मुंबईला कशी पोचवली. उंडीच्या झाडाखाली उतारूंना बसायला केलेला मांडव.

मी कागद चढवला, डिअर सर टाइप केलं आणि थांबलो. साहेबांचं दगडी स्टेशन डोळ्यांसमोर होतं. त्यापुढे आमचं बंदर म्हणजे काय? माडाच्या झापांची एक शेड. त्या मांडवाला वेटिंग रूम कसं म्हणायचं? वाचणारा हसेल असं वाटलं. खरं सांगायचं तर मलाच लाज वाटली. मी कागद काढून खणात ठेवला. सुट्टी असते, शुक्रवारी करू म्हटलं. त्या शुक्रवारी झालं नाही, पुढच्याही नाही.

दुसऱ्या पत्रात अब्बांनी लिहिलं, "कामात असशील. जमलं तर बघ." तिसऱ्या पत्रात अर्जाचं नावच नव्हतं. आईचा खोकला, विहिरीचं पाणी, एवढंच.

काही महिन्यांनी टर्नरसाहेबांना कळलं की हरकत फेटाळली गेली. स्टेशन बंद. ते मला म्हणाले, "खलास, हसन. लेकिन हमने बोला तो सही."

मी जेवायला गेलो नाही. खणातली अब्बांची पानं काढली आणि एका दुपारात अर्ज लिहून काढला. मांडवाला सरळ मांडवच म्हटलं. लिहिताना एकदाही अडलो नाही. संध्याकाळच्या आत पाकीट पोस्टात टाकलं.

अब्बांचं उत्तर आलं, "अर्ज मिळाला. गुरुजींकडून वाचून घेतला. इंग्रजी फार चांगलं आहे म्हणाले. साहेब येऊन गेले. बोट आता थांबणार नाही. अर्ज ट्रंकेत ठेवला आहे."

पुढच्या वर्षी रजेवर गेलो तो मुंबईहून एसटीने, अंग खिळखिळं करून. अब्बा ओटीवर बसले होते. नोकरी गेली होती. दुबईहून नेलेला रेडिओ त्यांनी हातात घेतला, छान आहे म्हणाले आणि बाजूला ठेवला. दोन दिवस आम्ही इकडचं तिकडचं बोललो. तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं, "अब्बा, मी वेळेवर पाठवला असता तरी त्यांनी बोट बंद केलीच असती."

"केलीच असती," ते म्हणाले. "मना काय ते समजत नाय?"

"मग?"

"साहेब आला तवा चार गावची माणसं जमली होती. त्याने विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे, लिहून आणलंय का? सगळे माझ्याकडे बघायला लागले." ते म्हणाले, "मी सांगितलं, टपाल उशिरा येतंय."

माझ्यासाठी ते चार गावांसमोर खोटं बोलले होते. जन्मात मी त्यांना खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. मला रागावले असते तर बरं झालं असतं. परतताना ते एसटीपर्यंत आले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले. त्यानंतर दोन वर्षांनी ते गेले. तार माझ्या हातात पडली तेव्हा दफन होऊन गेलं होतं.

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे निघून आलेल्यांनो, मी काही फार मोठा गुन्हा केला असं तुम्ही म्हणणार नाही. मुलगाही तेच म्हणतो. तो दुबईच्या इंटरनॅशनल सिटीत राहतो, मी त्याच्याकडेच असतो. गावचं घर आम्ही नवं बांधलं, स्लॅबचं. गेल्या खेपेला मी तिथे आठ दिवस राहिलो. सगळं होतं, लाइट, पाणी, फोनला रेंज. शेजारची नवी सून मला पाहुणा समजून चहा घेऊन आली.

पूर्वी कोणी घर कुठे विचारलं की मी गावाचं नाव सांगायचो. आता थोडा अडखळतो. मला वाटतं, घर तिथे असतं जिथे आपल्याला न विचारता कुणीतरी आपल्या नावाने शब्द देऊन बसतं. मला तसं घर होतं. त्याने माझी वाट पाहिली, आणि मी शुक्रवारी करू म्हणालो.