आधी बोकड बघतात

घाटनांदूरच्या शिवारात सटवाला शोधायला डोळे लागत नाहीत, नाक पुरतं. कपाशीवरच्या औषधाचा उग्र वास त्याच्या अंगाला असा चिकटलेला, की पावसाळाभर साबण घासला तरी हटत नाही. घरी शेळ्या, आणि हंगामात लोकांच्या रानात फवारणी. औषध पाण्यात कालवायला काठी कशाला, म्हणून गडी कोपरापर्यंत हात घालून ढवळायचा. बाटलीत उरलेलं घरी आणायचा आणि गोचीड पडावेत म्हणून शेळ्यांना, बोकडाला उघड्या हातानं चोळायचा. बापानं तेच केलं, यानंही तेच. कुणी टोकलं की म्हणायचा, "शेळी मरत न्हाई, मग मला काय धाड भरलीय?"

लग्नाला बरीच वर्षं झाली, पण घरात पाळणा हलला नाही. बायको मोहिनी. तिनं काय केलं नाही ते विचारा. सोमवार धरले, परळीच्या वैजनाथाला बेल वाहिला, अंबाजोगाईला जाऊन सगळ्या तपासण्या केल्या. तपासण्यांत काहीच निघालं नाही, तरी दोष तिचाच. वैदूचा काढा तर जहर कडू. रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची, ओकारी आली की चुलीकडं तोंड करून परत गिळायची. कुणाचं डोहाळजेवण असलं की सगळ्या वस्तीला बोलावणं, हिला नाही. सटवाची आई भामाबाई तोंडानं फटकळ, पण काळजाची वाईट नव्हती. नातवासाठी मात्र तिचा जीव टांगणीला लागला होता.

एकदाच, दूध काढता काढता, मोहिनी हळूच बोलली होती, "शेळ्या गाभण न्हाई राहिल्या तर आपण आधी काय बघतो वो? बोकड बघतो ना?" धनगरवस्तीची रीतच ती. कळप थांबला की शेळीला कुणी बोल लावत नाही, आधी बोकड बदलतात. सटवाला असा राग आला की त्या दिवशी तो जेवला नाही. तिनंही पुन्हा तो विषय काढला नाही.

पोळ्याच्या सुमारास गावात डॉक्टरांचं पथक आलं. फवारणाऱ्यांच्या तब्येतीवर औषधांचा काय परिणाम होतो, ते तपासायला. हातमोजे फुकट मिळतायत म्हणून सटवाही गेला. रक्त दिलं, सांगितली ती बाकीची तपासणीही लाजत लाजत केली. चार दिवसांनी पथक परत आलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्याला एकट्याला बाजूला बसवलं.

"मूल न होण्याचं कारण तुमच्यात दिसतंय," त्या म्हणाल्या. "काही औषधं किडीला मारतात, पण माणसाच्या अंगातले हार्मोन्सही बिघडवू शकतात. तुमचं त्यानंच झालं असं छातीठोक मी सांगणार नाही. पण फवारणी थांबवा. काही महिन्यांनी परत बघू. बायकोलाही घेऊन या."

थांबवा म्हणे. थांबवून खायचं काय? आणि चार माणसं 'कामून थांबवलं रं' म्हणून विचारतील, त्यांना काय सांगायचं? सटवानं घरी येऊन हातमोजे खुंटीला अडकवले आणि दुसऱ्या दिवशी पंप पाठीला लावला. तेव्हापासून गडी स्वतःच्या घरात चोरासारखा वावरायला लागला. मोहिनी काढा घ्यायला बसली की हा बाहेर शेळ्यांत जाऊन उभा. सांगावं तर इज्जत जाते, न सांगावं तर बायको जळते. अडकित्त्यातल्या सुपारीसारखं झालं त्याचं.

दिवाळी सरली आणि भामाबाईनं केजकडचं स्थळ काढलं. मोहिनीला माहेरी धाडायचं, सोडचिठ्ठी घ्यायची, दुसरी आणायची. मुलीचा बाप उत्तरेश्वर घर बघायला आला. मोठा भला माणूस. नेमका त्याच सकाळी भामाबाईनं घरचा बोकड खाटकाला देऊन टाकला होता.

"वरीस झालं, एक शेळी गाभण राहिना," ती पाहुण्याला सांगत होती. "शेळ्या माज्या गुणाच्या हायती. बोकडातच दम न्हवता."

मोहिनी चहा घेऊन दारात उभी होती. तिनं सटवाकडं बघितलंसुद्धा नाही. सटवाला ते सोसलं नाही.

"दोष माज्यात हाय," तो बोलून गेला. "डॉक्टरनं सांगितलंय. हिच्यात काई न्हाई. फवारणीच्या औषधानं झालं असंल म्हणाल्या."

उत्तरेश्वर समजुतीनं हसला. "आवो, सगळा जिल्हा फवारतोय. घरोघरी पोरं हायतीच की."

भामाबाईनं डोळ्याला पदर लावला. "बायकूला वाचवायला सोताच्या अंगावर घेतोय. ल्हानपणापासनं असाच हाय वो."

"चला, डॉक्टरीणबाईला इचारू," सटवा म्हणाला.

"तू शिकवशील तसंच बोलंल ती," आई म्हणाली.

सटवानं आईच्या गळ्याला हात लावून शपथ घेतली. तो जितकं खरं बोलत गेला तितका पाहुणा विरघळत गेला. "बायकांना तरास देणारे लई बघितले," उत्तरेश्वर म्हणाला, "पण बायकूसाठी असला डाग लावून घेणारा गडी न्हाई बघितला. आमची तेजश्री सुखात ऱ्हाईल. तारीख धरा."

पाहुणा गेला. मोहिनी कप विसळत होती. तिथं जाऊन सटवा नुसताच उभा राहिला. साऱ्या घरात तिनं एकटीनं त्याचं खरं मानलं होतं.

"कवा कळलं तुमाला?" तिनं विचारलं.

"पोळ्याला."

तिच्या हातातला कप तसाच राहिला. "त्याच्यानंतर बी रोज काढा पेले मी. तुमी बाहेर शेळ्यांत जाऊन उभा ऱ्हायचे. मला वाटायचं, माजी ओकारी तुमाला बघवत न्हाई."

ती आत गेली आणि कुणी न सांगता पिशवीत साड्या भरायला लागली. भामाबाई म्हणाली, "पोर समजूतदार हाय, म्हणून तर माजा जीव तुटतो."

बाहेरून शेजारच्या अजिनाथनं हाक मारली. उद्या सकाळी त्याच्या तुरीवर फवारा मारायचा होता. सटवानं पंप खाली काढला आणि येतो म्हणाला.