न तुटणारी पिन

मी भोकरदनकडची. माहेरी पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी दिसणारी गोष्ट. दोर सोडायचा, शेंदायचं, काम संपलं; पोहायला कधी शिकलेच नाही. लग्न होऊन आले ती थेट गंगेच्या काठावर, अंबड तालुक्याच्या टोकाला. गोदावरीला इकडं सगळे गंगाच म्हणतात. आमचं निम्मं शेत अलीकडं, निम्मं पलीकडं आणि पोरीची शाळाही पलीकडंच. त्यामुळं घरची नाव होती. नव्वद सालाच्या सुमारास ह्यांनी त्या नावेला कुठून तरी एक जुनी मोटर आणून बसवली आणि माझ्या जिवाला घोर लागला.

वल्ह्यांची नाव हळू जायची, पण माणसाच्या जोरावर जायची. ही मोटर रुसली तर बरोबर धारेच्या मधोमध रुसणार, आणि थोडं खाली वाहत गेलं की खडकांची रांग. मी हे बोलून दाखवलं की ह्यांचं उत्तर ठरलेलं: विहिरीवरच्या इंजनात हात काळे करण्यात जन्म गेला, ही तर खेळण्यातली मोटर.

तरी एक मान्य करते, पहिलटकरणीची ठेवावी तशी त्या मोटरीची निगा ते ठेवायचे. दर रविवारी ती नावेवरून काढून अंगणातल्या लाकडी घोडीवर टांगायची. प्लग खोलून पॉलिश पेपरनं घासायचा. पेट्रोलात मापानं ऑइल मिसळायचं. खालच्या गिअरच्या डब्याचा स्क्रू काढून तेल बोटावर घ्यायचं. दुधासारखं पांढरं दिसलं तर आत पाणी शिरलं समजायचं. शेवटी मोटरीचा पाय भरलेल्या ड्रममध्ये बुडवून दोरी ओढायची आणि मागून पाण्याची बारीक धार पडते का ते बघायचं; धार पडली म्हणजे मोटर थंड राहणार. धुराचा वास भाकरीलासुद्धा लागायचा. मी चुलीपाशी बसून सगळं बघत असायचे. हौस म्हणून नव्हे, धास्तीनं. एखादं काम राहून गेलं तर निदान मला ठाऊक असावं.

खरी कटकट पिनेची होती. मोटरीच्या पायाशी पाण्यात फिरणाऱ्या पंख्याच्या दांड्यात आडवी एक पितळेची पिन असायची. पाण्याखालच्या बाभळीच्या बुंध्याला पंखा आपटला की ती मोडायची. मोडावी म्हणूनच ती केलेली. पिन मोडते म्हणून आतले गिअर वाचतात. विकणाऱ्यानं हे सांगितलंही होतं. पण आमच्याकडं दुरुस्ती करायची ती वस्तू पुन्हा तुटू नये म्हणून. मुद्दाम मोडणारी वस्तू बसवायची, हे कुणाच्या पचनी पडणार?

त्या पावसाळ्यात पिन सारखी मोडली. एकदा नावेत गावातली माणसं होती. त्यांनी वल्ही मारत कसाबसा काठ गाठला आणि पारावर बसून ह्यांची यथेच्छ टिंगल केली. ते ह्यांना झोंबलं. जुन्या डिझेल इंजनाच्या व्हॉल्वची पोलादी दांडी कापली, कानशीनं घासली आणि पिनेच्या जागी ठोकून बसवली. "आता जल्मात तुटायची न्हाई," म्हणाले. खरं सांगते, मलाही बरं वाटलं. त्यानंतर थोडे दिवस मला शांत झोप लागली.

पोरीची सहामाही चालू होती तेव्हाची गोष्ट. रविवारी ह्यांनी गिअरचं तेल बोटावर घेतलं आणि उन्हात धरलं. तेल पांढरं नव्हतं, पण त्यात लोखंडाचा बारीक कीस चमकत होता. बोट चिंधीला पुसलं, नवं तेल भरलं, स्क्रू आवळला. मी विचारलं तर म्हणाले, सगळं बराबर आहे, परीक्षा उरकू दे, मग औरंगाबादला दाखवून आणतो. त्याच दिवशी वरच्या धरणातून पाणी सोडल्याची दवंडी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगा गढूळ होऊन दोन्हीकडं पसरली होती. पोरगी दप्तर पोटाशी धरून नावेत बसली आणि इतिहासाच्या सनावळ्या पुटपुटायला लागली. बापावर तिचा इतका भरवसा की पाण्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. सांगून उपयोग नव्हता. सांगून सांगून माझ्या बोलण्याची गत भाजीतल्या कढीपत्त्यासारखी झाली होती, काढून ताटाच्या कडेला ठेवायची. मी पातळ वर खोचलं, चिखल तुडवत गेले आणि नावेत जाऊन बसले. मोटर बसवल्यापासून त्या नावेत मी पाय ठेवला नव्हता.

हे म्हणाले, उतर. मी म्हणाले, "पोरगी उतरली तर मी उतरते."

ह्यांचा हात मोटरीच्या दोरीवर होता. माझ्याकडं बघितलं, मग पाण्याकडं, परत माझ्याकडं. दोरी सोडून दिली आणि पोरीला म्हणाले, आजचा पेपर राहू दे.

पोरगी रडून लाल झाली. राग सगळा माझ्यावर, बापावर नाही. पुढं बरेच दिवस ती माझ्याशी धड बोललीच नाही. ह्यांनी मोटर पोत्यात गुंडाळली आणि एसटीनं औरंगाबाद गाठलं. दिवसभर मी स्वतःलाच खात होते. मोटर धडधाकट निघाली तर पोरीचा पेपर माझ्यामुळं बुडाला, हे मला जन्मभर ऐकावं लागणार होतं. मोटर बिघडलेलीच निघू दे, असं मी देवाला विनवत होते.

दिवेलागणीला हे परतले. मोटर तिथंच ठेवली होती, फक्त एक गिअर रुमालात बांधून आणला होता. त्याच्या दातांचे तुकडे उडाले होते. आणखी एक धडक बसली असती तर मोटर जागेवर जाम झाली असती, असं मिस्त्रीनं सांगितलं म्हणे. मी जिंकले, असं मला अजिबात वाटलं नाही. उलट संताप आला. तेलात कीस दिसला होता, तरी पोरीला नावेत बसवलंत कसं, असं मी तोंडावर विचारलं.

हे खाली बघत म्हणाले, "तिला पवता येतं, मला पवता येतं. गेली तर नुसती नाव जाईल, म्हणलं. तू येऊन बसली अन मंग भेव वाटलं. तुला कसं काढावं, तेच सुधरना."

इतकी वर्षं मी त्या दोघांसाठी जीव टांगणीला लावून बसले होते. माझ्यासाठीही कुणी घाबरत असेल, हे माझ्या मनातसुद्धा कधी आलं नव्हतं. भांडायला उघडलेलं तोंड मी मिटलं आणि त्यांचं ताट वाढायला घेतलं.