रूम टोनसाठी उभं राहिलेलं गाव

मॉनिटरवर एक गाव मान खाली घालून उभं होतं. बायका, म्हातारी माणसं, कडेवरची पोरं, सगळे एका अंगणात. पुरुषांनी टोप्या काढून हातात धरल्या होत्या. कुणी बोलत नव्हतं, कुणी हलत नव्हतं. मागे अर्धी कोसळलेली दगडी भिंत आणि तिच्यावर खोटं वाटावं इतकं निळं आभाळ.

टेप अडकली की काय म्हणून मी मशीनकडे पाहिलं. टेप व्यवस्थित फिरत होती.

"हे काय आहे?" मी विचारलं.

माझ्यामागच्या खुर्च्यांवर दोन विद्यार्थी बसले होते, करण आणि नसीम. दोघं दिल्लीच्या एका कॉलेजात फिल्म शिकत होते. पहाडात भूकंप झाला, तेव्हा एक छोटा कॅमेरा आणि एक रेकॉर्डर घेऊन दोघं थेट तिकडे निघाले होते. करण कॅमेऱ्यावर, नसीम आवाजावर. माझा प्रश्न ऐकून करणनं नसीमकडे पाहिलं आणि नसीमनं स्वतःच्या बुटांकडे.

मी व्हिडिओ एडिटर. दुसऱ्यांनी शूट करून आणलेलं बघायचं, नको ते कापायचं, हवं ते जोडायचं. शिंप्याचंच काम म्हणा. खाजगी चॅनेल नुकतीच सुरू झाली होती आणि नोएडात स्टुडिओ उगवत होते. आमच्या जिन्याच्या खिडकीतून अर्धवट टॉवर दिसायचे आणि त्यांच्या मधोमध विकायचं राहून गेलेलं मोहरीचं एक पिवळं शेत. एडिट रूमला मात्र खिडकीच नव्हती. मशीन तापू नयेत म्हणून तिथे ऐन हिवाळ्यातही एसी चालायचा आणि आम्ही शाली पांघरून काम करायचो. बाहेर ऊन आहे की धुकं, हे आत कळायचं नाही. दिवसभर त्या अंधारात बसलं की मॉनिटरवरचं जगच खरं वाटायला लागायचं. त्या आठवड्यात मी बसायचे नोएडात, पण राहायचे पहाडात.

दोघांनी काम चांगलं केलं होतं. बाकी सगळे कॅमेरावाले खालच्या रस्त्यावरच्या गावांत फिरून परतले होते. वरचा रस्ता दरडीखाली गेला होता, म्हणून ही दोघं चालत वर गेली. तिथे एक गाव होतं, जिथे अजून कुणीच पोचलं नव्हतं. ना सरकार, ना चॅनेल, ना तंबू. लोक गोठ्यात झोपत होते आणि डोंगरावर बर्फ होतं. गावच्या शाळेचे मास्तर नसीमला म्हणाले होते, "टीव्ही पर दिखा दो बेटी, बस।" आणि ही बया हो म्हणून आली होती.

चॅनेलनं विद्यार्थ्यांच्या फिल्मसाठी रविवार सकाळचा अर्ध्या तासाचा स्लॉट दिला होता. तो चुकला की पुढचा स्लॉट केव्हा, ते कुणीच सांगत नव्हतं. तोवर बर्फ गावात उतरलं असतं.

एवढ्यात दार ढकलून मेहरासाहेब आत आले. हे आमचे प्रोड्यूसर. माणूस वाईट नव्हता, पण कायम कुणावर तरी चिडलेला. त्यांनी मॉनिटरवरचं ते गाव पाहिलं आणि त्यांच्या हातातला चहा तसाच राहिला.

"ये इन लोगों को खड़ा किसने किया?"

नसीम हळूच म्हणाली, "सर, मैंने।"

"मतलब तुमने करवाया? स्टेज्ड है?"

स्टेज्ड म्हणजे कॅमेऱ्यासाठी मुद्दाम घडवून आणलेलं. आमच्या धंद्यात यापेक्षा वाईट शिवी नाही. आदल्याच आठवड्यात कुठल्याशा चॅनेलवाल्यानं रडून थकलेल्या एका बाईला पुन्हा रडायला लावलं होतं आणि सगळ्या पेपरांत त्याची छीथू झाली होती. मेहरासाहेबांना दुसरा विचार सुचणंच शक्य नव्हतं.

"वैशालीजी, ये फिल्म नहीं जाएगी," ते मला म्हणाले. "संडे को कुछ और लगा देंगे।"

ते गेले. करण कपाळाला हात लावून बसला. नसीमच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला तिचा रागच आला. रडायचं होतं तर आधी बोलायला काय झालं होतं?

नसीम आमच्याच आर. के. पुरममधली, म्हणजे दिल्लीतल्या सरकारी वसाहतीतली. वडील साताऱ्याचे मुल्ला, मंत्रालयात नोकरीला. आमच्या पलीकडच्या ब्लॉकमध्ये राहायचे. तिचा जन्म दिल्लीतला, त्यामुळे तिचं मराठी निम्मं हिंदीच्या खांद्यावर हात टाकून चालायचं. मला ती ताई म्हणायची.

"आता सांग," मी म्हटलं. "लोक उभे का आहेत?"

"ताई, मी फक्त रूम टोन घेत होते."

मला आधी हसू आलं आणि मग मॉनिटरवरच्या त्या काढलेल्या टोप्या दिसल्या.

रूम टोन म्हणजे जागेची शांतता. कुठलीही जागा पूर्ण गप्प नसते. पंखा असतो, पानं असतात, लांबची वाहनं असतात. दोन वाक्यं कापून जोडली की मध्ये भोक पडतं, ते बुजवायला त्याच जागेची शांतता लागते. म्हणून साउंडच्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी शिकवतात, की जागा सोडण्याआधी सगळ्यांना गप्प करा आणि एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा. प्रेक्षकाला ती कधीच कळत नाही. कळली तर एडिटर कच्चा.

"मी क्लासमध्ये शिकवलं तसंच बोलले," नसीम म्हणाली. "एक मिनट सब लोग बिल्कुल चुप रहिए. आणि ताई, ते सगळे उठून उभेच राहिले. मास्तरजींनी टोपी काढली. मग बाकीच्यांनी. त्यांना वाटलं, आम्ही दिल्लीहून त्यांच्या लोकांसाठी मौन पाळायला आलोय."

"मग तू सांगितलं नाहीस?"

"कसं सांगू? की हे मशीनसाठी आहे, तुम्ही बसा? यार, त्यांच्या घरातली माणसं गेली होती." तिनं नाक पुसलं. "मग मी पण मान खाली घातली. पुढच्या अंगणात गेलो तर तिथले आधीच उभे होते. मला बोलावंच लागलं नाही. करण शूट करत राहिला, कारण त्याला बंद कर म्हणून कुणी सांगितलंच नाही."

"मला वाटलं, बंद केला तर त्यांचा अपमान होईल," करण हिंदीत पुटपुटला. गुडगावच्या चकचकीत फ्लॅटमधला मुलगा. पहाडातून आल्यापासून तो फार कमी बोलत होता.

मी नसीमचा रेकॉर्डर मशीनला जोडला आणि हेडफोन लावले. कॅमेऱ्याचा माइक साधा होता, तिचा चांगला. सुरुवातीला तिचाच आवाज आला, "रूम टोन, आंगन, टेक वन." मग ते चुप रहिए. मग बरीच माणसं एकदम उठल्याची खसखस. एका म्हातारीनं विचारलं, "किसके लिए?" आणि मास्तर अगदी हळू म्हणाले, "अपने लोगों के लिए, अम्मा।"

मग शांतता सुरू झाली.

काय काय होतं त्या शांततेत! पत्र्याचा एक तुकडा वाऱ्यानं वाजत होता. दूर एका बकरीच्या गळ्यातली घंटा. कुणीतरी श्वास रोखून मग सोडला. आणि या सगळ्याच्या खालून अखंड वाहणारं पाणी.

"हे काय वाजतंय?" हेडफोन नसीमच्या कानाशी धरून मी विचारलं.

"ते... पाणी असतं ना, पहाडातून आपोआप येतं..."

"झरा."

"हां, झरा," ती म्हणाली. हा शब्द तिला पहिल्यांदाच भेटत असावा.

मी तो तुकडा पुन्हा ऐकला. मग पुन्हा. एसीचं गुरगुरणं गेलं, जनरेटर गेला, नोएडा गेलं. एवढ्या वर्षांत शेकडो रूम टोन मी भोकं बुजवायला वापरले होते. एखादा कान देऊन ऐकावा असं मनात आलं नव्हतं. मला वाटलं, मीही त्या अंगणात कुठेतरी मागच्या रांगेत उभी आहे आणि माझ्याही पायाशी ऊन आहे.

मग मी उठले आणि मेहरासाहेबांना अक्षरशः दंडाला धरून आणलं. "स्टेज्ड आहे की नाही ते ऐका आणि मग ठरवा," म्हणून हेडफोन त्यांच्या कानांवर चढवले. ते उभ्यानं ऐकत होते. म्हातारीच्या प्रश्नावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नंतर त्यांची नजर मॉनिटरवर गेली आणि तिथेच राहिली.

हेडफोन काढून ते म्हणाले, "अच्छा। लगा दो। नीचे बाँसुरी डाल देना।"

"नाही," नसीम म्हणाली. मराठीतच म्हणाली, पण कळलं.

"बेटा, टीवी है। एक मिनट खाली जाएगा तो लोग चैनल बदल देंगे। आधा कर दो कम से कम।"

"सर, मौन आधा कैसे रखते हैं?"

मेहरासाहेबांनी माझ्याकडे मदतीसाठी पाहिलं. मी शाल नीट करत बसले. ते जायला निघाले, दारात थांबले आणि म्हणाले, "कंट्रोल रूमवाला मुझे मार डालेगा।"

त्यात तथ्य होतं. कंट्रोल रूम म्हणजे जिथून कार्यक्रम हवेत सोडतात ती खोली. तिथल्या माणसाचा डोळा आवाजाच्या काट्यावर असतो. काटा पडला म्हणजे बिघाड, आणि बिघाड दिसला की तो लगेच 'रुकावट के लिए खेद है' ही पाटी लावतो. झऱ्याच्या आवाजानं काटा जेमतेम थरथरत होता. ड्यूटीवरच्या सक्सेनाला मी फोन केला, तर तो म्हणाला, "मैडम, नौकरी मेरी जाएगी, आपकी नहीं।" शेवटी रविवारी स्वतः मेहरासाहेब त्याच्या शेजारी जाऊन बसले. सक्सेनाचा हात पाटीच्या बटणाकडे जाऊ नये एवढंच त्यांचं काम होतं.

रविवारची सकाळ. आर. के. पुरममध्ये धुकं विरून लख्ख ऊन पडलं होतं. गॅलऱ्यांतून लोक संत्री सोलत बसलेले, दारं सताड उघडी. आमच्या घरानं आणि नसीमच्या अब्बांनी मिळून दोन्ही ब्लॉक्समध्ये फिल्मचा एवढा गवगवा केला होता, की घरोघरी तेच चॅनेल लागलेलं. आमच्याकडे सासूबाई मटार सोलत होत्या. नसीम आणि करण सतरंजीवर बसले होते. नसीमनं माझं मनगट धरून ठेवलं होतं.

फिल्म सुरू झाली. दरड, चढ, गाव. आणि मग ते अंगण. माणसं उठली, टोप्या उतरल्या.

"अगं, आवाज गेला!" सासूबाई म्हणाल्या आणि मी थांबवायच्या आत उठून त्यांनी टीव्हीचा आवाज पूर्ण वाढवला. समोरच्या गॅलरीतूनही कुणीतरी ओरडलं, "आवाज़ बंद हो गई क्या?" खालीही तेच, पलीकडेही तेच. सगळा ब्लॉक आवाज वाढवत होता.

आणि मग झरा ऐकू यायला लागला.

आधी आमच्या खोलीत, मग जिन्यात, मग सगळ्या उघड्या दारांतून एकदम. पत्रा वाजला. बकरीची घंटा वाजली. सासूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. कुठे भांडं वाजलं नाही, स्कूटर सुरू झाली नाही. त्या उन्हात क्षणभर मला खरंच कळेना, की कोण कुणाकडे आलंय, आपण पहाडात की पहाड आपल्याकडे. पाटी काही लागली नाही. माझा जीव भांड्यात पडला.

त्या मिनिटानंतर मी मास्तरांचं वाक्य जोडलं होतं. शेवटच्या बाकापर्यंत पोचवायची सवय असलेला तो आवाज, आणि सगळ्यांचे टीव्ही पूर्ण मोठे केलेले. प्रत्येक दारातून तो गरजला, "ऊपर हमारे गाँव में कोई नहीं आया जी! न तंबू, न कंबल! टूटी सड़क देखकर सब लौट जाते हैं!"

सासूबाई दचकून मागे सरकल्या. फिल्म अजून संपली नव्हती, तोच जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. खालच्या मजल्यावर एक मद्रासी साहेब राहायचे, सरकारात मोठ्या हुद्द्यावरचे. कुणाच्या अध्यात ना मध्यात. ते आमच्या दारात उभे होते, एका गालावर दाढीचा साबण तसाच.

"व्हिच व्हिलेज?" त्यांनी विचारलं.

नसीमनं गावाचं नाव सांगितलं आणि करणनं रद्दी पेपरच्या कोऱ्या कडेवर वाट काढून दाखवली. साहेब तो कागद घेऊन साबणासकट खाली गेले. त्यांचा फोन किती वेळ चालला होता ते आम्हाला जिन्यातून ऐकू येत होतं. नसीम तिथेच पायरीवर बसून रडली आणि या वेळी मला अजिबात राग आला नाही.

तंबू पोचले. बर्फाच्या आधी पोचले. खेचरांवर लादून वर नेले, असं साहेबांनीच आम्हाला सांगितलं आणि पुन्हा कुणाच्या अध्यात ना मध्यात असे झाले.

रस्ता मोकळा झाल्यावर दोघं फिल्म दाखवायला पुन्हा गावात गेली. तेव्हा नसीमनं मास्तरांना खरं काय ते सांगून टाकलं. ती शांतता मशीनसाठी मागितली होती, मौन वगैरे काही आमच्या मनात नव्हतं. मास्तर सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "तो क्या हुआ, बेटी? हम तो अपने लोगों के लिए ही खड़े थे। आपकी मशीन भी साथ में खड़ी रही।"

हल्ली मी अधूनमधून मुलांना शिकवायला जाते. रूम टोन शिकवताना सांगते, की आधी लोकांना तो कशासाठी ते सांगा आणि मग ते मिनिटभर तुम्हीही उभे राहा. दर वर्षी एक तरी हुशार विद्यार्थी विचारतो, "मॅडम, उभं राहिल्यानं रेकॉर्डिंगमध्ये काय फरक पडतो?"

मी खरं तेच सांगते. रेकॉर्डिंगमध्ये काही फरक पडत नाही.