कॉलरीमागचा चौकोन

टाकेवाल्या काकूंच्या घरी सकाळचं नेहमीचं चाललं होतं. दूध तापत होतं, नवरा दाढी करता करता रेडिओवरच्या बातमीदाराशी भांडत होता आणि काकू खिडकीशी बसून कुणाच्या तरी कोटाचं अस्तर उसवत होत्या. तेवढ्यात दार वाजलं. बेल असताना दार वाजवणारी माणसं दोनच तऱ्हेची, असं त्या म्हणायच्या: उसनं मागायला आलेली, नाहीतर चिडलेली.

दारात घड्याळवाल्यांची मुलगी होती. वडील जाऊन आठवडा झाला होता. काकू तिला भेटून आल्या होत्या, तिचा हात हातात धरून बराच वेळ बसल्या होत्या. विसराळू झालेला म्हातारा संध्याकाळी घरातून निघाला, बस स्थानकाच्या बाकावर रात्रभर बसून राहिला आणि थंडीनं गेला, एवढंच तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

"ये गं, बस. चहा टाकते."

"बसायला नाही आले, काकू. एक दाखवायचंय."

तिनं पिशवीतून वडिलांचा शर्ट काढला, शिवणयंत्रावर पसरला आणि कॉलर उलटी केली. आत काकूंनीच शिवलेली दोन बोटं रुंद पट्टी होती, पट्टीवर काळ्या ठिपक्यांचा चौकोनी कोड. मुलीनं फोन त्यावर धरला. पडदा लालभडक झाला.

"वाचा."

काकूंनी चष्मा चढवला. ही वेबसाइट सुरक्षित नाही, असं लिहिलं होतं. चोर तुमची माहिती पळवू शकतात, असंही होतं. खाली ठसठशीत बटण: मागे फिरा.

या पट्ट्यांची सुरुवात काकूंच्या सासूबाईंपासून झाली होती. डोकं दगा देऊ लागल्यावर त्या एकदा चपला हातात घेऊन घराबाहेर पडल्या आणि बँकेच्या रांगेत सापडल्या. खातं नाही, काम नाही, पण नंबर येईस्तोवर शांत उभ्या होत्या आणि वर कारकुनालाच "सावकाश होऊ दे हो" म्हणून धीर देत होत्या. त्यानंतर काकूंनी त्यांच्या प्रत्येक कपड्याच्या आतून घरचा फोन नंबर दोऱ्यानं काढलेली पट्टी शिवली. सासूबाई पुढे आपल्या अंथरुणात, आपल्या माणसांत गेल्या. पण तोवर आजूबाजूच्या घरांतून कपडे यायला लागले होते. आमच्याही म्हाताऱ्यांना करून द्या म्हणून.

नंबर फार दिवस चालला नाही. बागेत डुलकी घेत असलेल्या एका आजींच्या मानेवरचा नंबर कुणा भामट्यानं वाचला आणि त्यांच्या घरी फोन केला, तुमची आई आमच्या ताब्यात आहे, पैसे तयार ठेवा. फोन आला तेव्हा आजी घरी पोचून मजेत जेवत होत्या, तरी सुनेनं पुढे कितीतरी दिवस त्यांना एकटं बाहेर सोडलं नाही. आणि घड्याळवाल्यांनी तर आपली पट्टी कात्रीनं कापूनच टाकली. "मी काय हरवलेली छत्री आहे?" असं त्यांनी काकूंना घरी येऊन विचारलं. तेव्हा त्यांचं निम्मं डोकं ठिकाणावर होतं.

मग दिरानं वेबसाइट काढून दिली. दीर खालच्या मजल्यावर कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. पट्टीवरचा कोड फोननं टिपला की एक साधं पान उघडायचं: या आजोबांना वाट आठवत नाही, रागावू नका, बसवा, हे बटण दाबा. बटण दाबलं की घरच्यांना आणि काकूंना निरोप. नंबर कुणालाच दिसत नाही. घड्याळवाल्यांनाही तो चौकोन पटला. "कंपनीच्या छापासारखा दिसतो," म्हणाले, आणि स्वतःहून कपडे काढून दिले. त्या चौकोनानं कितीतरी माणसं घरी आणली. कुणी शाळेच्या फाटकातून, कुणी भलत्याच घरच्या जिन्यावरून.

"काल मी बस स्थानकावर गेले होते," मुलगी सांगू लागली. तिचा आवाज चढत नव्हता, त्यामुळेच काकूंना ऐकवत नव्हतं. "तिकीट खिडकीवरचा माणूस भेटला. त्यानं कॉलर बघितली होती, काकू. फोनही धरला होता. तर हे लाल आलं. बँकेचे निरोप येतात ना सारखे, असलं काही दिसलं की हात लावू नका? त्याला वाटलं, म्हाताऱ्याला पुढे करून कुणीतरी सापळा लावलाय. त्यानं फोन खिशात टाकला आणि बाबांना विचारलं, कुणी न्यायला येणार आहे का? बाबा म्हणाले, हो तर, मुलगी निघालीय. मग तो खिडकी बंद करून घरी गेला."

"त्याला काही बोललीस?"

"काय बोलू? बिचारा माझ्यासमोर रडला."

नवरा अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून दाराशी येऊन उभा होता. रेडिओ बोलतच होता. त्यानं तो बंद केला.

"असं कसं होईल?" काकू म्हणाल्या. "मी तर रोज उघडते." त्यांनी कोपऱ्यातला कॉम्प्युटर लावला. पान उघडलं, स्वच्छ, नेहमीसारखं. "हे बघ, माझ्याकडे तर…" आणि तिथंच त्यांना आठवलं.

मागच्या महिन्यात एका सकाळी असंच काहीसं त्यांच्याही पडद्यावर आलं होतं. धोका आहे, पुढे जायचं का? काकूंना हसू आलं होतं. आपल्याच घरात शिरायला चोराची भीती कसली? त्यांनी 'पुढे जा' दाबलं. यंत्रानं ते लक्षात ठेवलं आणि पुन्हा कधी विचारलं नाही. खाली जाऊन दिराला सांगावं असं तेव्हा मनात आलं होतं. पण काही विचारलं की तो गिऱ्हाइकांसमोर म्हणायचा, "वहिनी, हे शिवणयंत्र नाही, तेल घातलं की पळायला." लोक हसायचे. त्या दिवशी काकूंना हसणं ऐकायचं नव्हतं, एवढंच.

दिराला हाक मारली. तो चेष्टा करतच वर आला आणि मुलीला पाहून गप्प झाला. कॉम्प्युटरसमोर बसून त्यानं काहीबाही उघडलं.

"सर्टिफिकेटची मुदत संपलीय," तो हळू म्हणाला. "साइट खरी आहे, याची हमी असते ती. ठरावीक दिवसांनी नवी घ्यावी लागते. आपोआप होईल असं लावून ठेवलं होतं मी. मध्ये साइट दुसरीकडे हलवली, तेव्हा ते तुटलं असणार. साइटवर चोर कधीच नव्हता. नुसती तारीख उलटली होती."

"बाबा गेले त्या दिवशी?" मुलीनं विचारलं.

"त्याच्या बऱ्याच आधी."

"म्हणजे बाकीच्यांच्या कॉलरीतही हेच होतं. इतके दिवस."

दिराची बोटं चालत राहिली. मग तो म्हणाला, "आता धर फोन." मुलीनं धरला. लाल नाही. साधं पान. या आजोबांना वाट आठवत नाही.

"झालं?" ती म्हणाली. "एवढंच होतं?"

"एवढंच होतं," दीर म्हणाला. त्यानं वहिनीकडे पाहिलं नाही, वहिनींनीही त्याच्याकडे नाही.

मुलगी शर्टाची घडी घालायला लागली. बाह्या तिला जुळवता येईनात. काकूंचा हात सवयीनं पुढे गेला, तिनं शर्ट मागे ओढला.

"सगळ्यांच्या पट्ट्या उसवून टाका, काकू. पट्टी नसती ना, तर मी बाबांना एकटं सोडून अंघोळीलासुद्धा गेले नसते. पट्टी होती म्हणून मी दुकान उघडलं. पट्टी होती म्हणून संध्याकाळी उशिरा आले. कुणीतरी बटण दाबेल म्हणून फोन हातात घेऊन बसले."

काकूंना खूप काही सांगता आलं असतं. शाळेच्या फाटकातून परत आलेल्या आजोबांचं, जिन्यावरच्या आजींचं. दूध उतू गेल्याचा वास आला. नवरा आत जाऊन गॅस बंद करून आला.

"मी चुकले," त्या म्हणाल्या. "लाल मी बघितलं होतं. माझ्याच घरचं म्हणून पुढे गेले. ह्याला सांगितलं नाही."

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. तिला हे ठाऊक नव्हतं. हेच ऐकायला आली असावी तसा आधी तिचा चेहरा झाला, आणि मग ऐकून काहीच हलकं झालं नाही, तसा.

"उसवणार का नाही, ते सांगा."

"उसवल्या तर आज संध्याकाळी निघालेल्याच्या मानेवर काहीच नसेल," काकू म्हणाल्या. "ठेवल्या तर पुन्हा कधी हेच होईल. दोन्हीची मला भीती वाटते. घरच्यांची ना नसेल तिथे आजपासून चौकोनाखाली घरचा नंबरही काढते, भामटे तर भामटे. आणि लाल आलं होतं, हे प्रत्येक घरी जाऊन मी स्वतः सांगते. कुणी उसवून मागितली तर तिथंच उसवते."

"मग झालं तर. मला कशाला सांगता?"

ती दाराकडे वळली. काकू उठल्या, पण तिच्या वाटेत आल्या नाहीत. कोटाचं अस्तर मांडीवरून घसरून पायात पडलं होतं, ते त्यांनी उचललं नाही.

"तुझ्याकडे एक मागायचंय," त्या म्हणाल्या. "माझ्या यंत्रावर माझा भरवसा नाही, माझ्यावरही नाही. तो शर्ट टाकू नकोस. अधूनमधून त्या पट्टीवर तुझा फोन धर, आणि लाल दिसलं तर मला सांग."