कुमुद टिपणीस आणि काळे सायलेन्सर

पनवेलच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर म्हणून काम करणाऱ्या कुमुद टिपणीस यांना माणसं चेहऱ्यानं कमी आणि आवाजानं जास्त आठवत. बाजारात कुणी समोर येऊन हसलं तर त्या गोंधळून जात. तोच माणूस "काय टिपणीसबाई?" म्हणाला की लगेच ओळख पटे. "अय्या, तुम्ही होय! परवा नाशिकचा कॉल लागला ना?"

वयाच्या विसाव्या वर्षी पेणहून येऊन त्या नोकरीला लागल्या, त्याला आता बावीस वर्षं झाली होती. कानाला हेडफोन, समोर बोर्ड आणि पलीकडे साऱ्या महाराष्ट्रातल्या ऑपरेटर बायका. साताऱ्याची खोकणारी, पुण्याची घाईघाईनं बोलणारी, कोल्हापूरची मालू. मालूशी त्यांचं विशेष जमे. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं, पण एकीची सासू आजारी पडली की दुसरीला कळायचं, आणि लोणच्याचा मसाला कुठे चुकला हेही.

कुमुदबाईंचे यजमान दिनानाथ पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. अबोल, नेटका माणूस. त्यांचा जीव दोन गोष्टींत होता, एक कुमुद आणि दुसरी त्यांची अठ्ठ्याहत्तर सालची येझदी मोटारसायकल. एका सिलिंडरची गाडी, पण तिला सायलेन्सर मात्र दोन, डावीकडे एक नि उजवीकडे एक. दर रविवारी दिनानाथ त्यांचं क्रोम इतकं घासत की त्यात बघून भांग पाडावा. वर्षातून एकदा दोघं त्या गाडीवरून लांबच्या प्रवासाला जात. महाबळेश्वर झालं, गणपतीपुळे झालं, एकदा तर औरंगाबादपर्यंत मजल गेली. बिऱ्हाडात सोफासेट नव्हता, पण खोगिरासारख्या दोन कातडी पिशव्या मात्र होत्या.

नव्वद सालच्या ऑक्टोबरात एके दिवशी कोन गावावरून परतताना मागे काहीतरी खणखणलं. दिनानाथांनी गाडी थांबवली. उजव्या सायलेन्सरचं शेपूट रस्त्यात पडलं होतं, आणि गाडी थ्रेशर मशीनसारखी ओरडत होती. भाजीवाल्या बायकांनी कानांवर हात ठेवले.

"आतून कुजला होता," दिनानाथ तुकडा उचलत म्हणाले. त्यांचा चेहरा असा पडला, की कुमुदबाईंना हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

पळस्प्याच्या नाक्यावर भगवानचं गॅरेज होतं. भगवान मूळचा चिरनेरचा, तोंडाचा फटकळ, पण हाताचा साफ. त्यानं स्क्रूड्रायव्हरचं टोक डाव्या सायलेन्सरला लावलं मात्र, ते आरपार गेलं.

"साहेब, पत्र्याचा पापड झालाय. खाडीचा वारा हाय आपल्याकडं. याला वेल्डिंग धरायचं नाय. नवीन जोडी बगा."

नवी जोडी बघायची म्हणजे काय, ते पुढच्या महिन्याभरात दोघांना नीट कळलं. कंपनीची जोडी मागवायची तर किंमत ऐकूनच दिनानाथांनी चहाचा कप खाली ठेवला. शिवाय ती तीन महिन्यांनी येणार. मग एका रविवारी ते मुंबईच्या सुट्या भागांच्या बाजारात गेले आणि अर्ध्याहून कमी दरात एक जोडी घेऊन आले. चमचम करत होती. दुकानदारानं पसंत न पडल्यास परत घेण्याचं कबूलही केलं होतं.

भगवाननं जोडी बसवली. दोघं गाडी घेऊन गोव्याच्या रस्त्यानं कर्नाळ्याच्या खिंडीकडे निघाले. सपाटीवर ठीक होतं, फक्त आवाज जरा चढा. पण चढ लागला आणि नेहमी तिसऱ्या गिअरमध्ये ऐटीत चढणारी गाडी धापा टाकू लागली. दिनानाथांना दुसरा गिअर टाकावा लागला. शेजारून एक भरलेला टेंपो आरामात पुढे गेला.

"ऐकू येतंय का तुम्हांला?" कुमुदबाई मागून ओरडल्या.

"काय?"

"आत काहीच नाहीये! रिकामा रॉकेलचा डबा वाजतोय!"

खरंच तसं होतं. गॅरेजवर परत आल्यावर भगवाननं बॅटरी मारून आत पाहिलं. धूर अडवून हळूहळू सोडणारी जाळीची नळी असते, तिच्या जागी नुसती एक चकती टाकलेली होती. "गाडीचा दम हितूनच जातोय, वैनी. तुमचा कान लय तिखट हाय," तो म्हणाला.

दुकानदारानं कुरकुरत का होईना, माल परत घेतला. त्या संध्याकाळी दिनानाथ खुर्चीत बसून गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, "विकून टाकू. आपली वयं काय आता फिरायची आहेत?"

"तुमचं झालं असेल. माझं बेचाळीस आहे," कुमुदबाई म्हणाल्या, आणि भाजी फोडणीला टाकायला आत गेल्या. पण तेल तापत असताना त्यांच्या डोक्यात तोच विचार फिरत राहिला. गाडी नाही म्हणजे पाठीमागे बसून ओरडून बोलायचं नाही. आणि हा अबोल माणूस मोकळा व्हायचा तो फक्त गाडीवर.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोर्ड शांत असताना कोल्हापूर लागलं. "मालू, एक विचारू? तुमच्याकडे येझदीचे सायलेन्सर कुणी बनवतं का गं?"

पलीकडून खदखदून हसू आलं. "अवो ताई, कोल्हापुरात माणसं कमी आन् येझद्या जास्त! उद्यमनगरात सुदामदादा म्हणून हाईत, माझ्या भावाच्या वळखीचं. हातानं बनवत्यात. खरं दोन तऱ्हेचं करत्यात म्हणं. कुठलं पायजे?"

"ऐकल्याशिवाय कसं सांगू?" कुमुदबाई सहज बोलून गेल्या. नंतर त्यांच्या लक्षात आलं, की आपण काही चुकीचं बोललो नाही. ऐकूनच तर ठरवायचं.

शनिवारी ड्यूटी संपल्यावर त्यांनी स्वतःच्या नावावर तीन मिनिटांचा रीतसर कॉल बुक केला, उद्यमनगरच्या वर्कशॉपचा. सुपरवायझरबाईंनी चिठ्ठी वाचली आणि भुवया उंचावल्या. "कारण काय गं?"

"मोटारसायकल ऐकायचीय, बाई."

सुपरवायझरबाईंनी चष्मा काढून पुसला. मग शेजारची खुर्ची ओढली आणि दुसरा हेडफोन आपल्या कानाला लावला.

मालूनं तिकडून जोडून दिलं. सुदामदादांनी दोन गाड्या तयार उभ्या केल्या होत्या आणि टेलिफोन दोरीसकट दारापर्यंत ओढून आणला होता. "बाई, ही पयली जोडी बगा. क्रोमची हाय. लोकं हीच पसंत करत्यात."

गाडी सुरू झाली. आवाज टणक होता, पण वाढवला की शेवटी चिरकत होता. कुमुदबाईंनी मान हलवली. शेजारी सुपरवायझरबाईंनीही हलवली.

"आता दुसरी. ही दिसायला म्हस हाय, सांगून ठेवतो. जाड पत्रा, काळा रंग, क्रोम न्हाई. म्हणून स्वस्त. खरं वढ लई भारी, चढाला कळंल."

दुसरी गाडी सुरू झाली आणि कुमुदबाईंनी डोळे मिटले. खोल, गोल आवाज. देवळाच्या गाभाऱ्यात कुणी घसा साफ करावा तसा. "वाढवा जरा," त्या म्हणाल्या. आवाज चढला, पण कुठे फाटला नाही. सोडल्यावर सावकाश खाली आला.

"हीच! दादा, हीच जोडी पाठवा!"

"बाई, घरात एकदा इचारा की, काळी चालंल का—"

"थ्री मिनिट्स ओव्हर," सुपरवायझरबाई सवयीनं म्हणाल्या, आणि मग स्वतःच लाजल्या.

घरी मात्र वेगळंच महाभारत घडलं. "काळे? येझदीला काळे सायलेन्सर?" दिनानाथ उभेच राहिले. "अगं, ते बघून लोक काय म्हणतील? डांबराचं पिंप बसवलंय म्हणतील!"

"लोक बघतील. मला मागे बसून ऐकायचंय."

"आणि मी रविवारी काय घासू?"

"भांडी," कुमुदबाई म्हणाल्या.

दोन दिवस दिनानाथ फुगून होते. तिसऱ्या दिवशी ते बोलता बोलता विचारून गेले, "पार्सल एसटीनं येणार की लॉरीनं?"

ते एसटीनं आलं. पोत्यात गुंडाळलेलं, ताज्या रंगाचा वास येत असलेलं. दिनानाथांनी सायलेन्सर उचलून पाहिला आणि त्याच्या वजनानं त्यांचा राग निम्मा ओसरला. भगवाननं आतली नळी बाहेर काढली, उजेडात धरली, भोकांवरून बोट फिरवलं. "यो मानूस कामाचा हाय, वैनी. भोकं बगा, एकसारखी. नळी निघते बी, काजळी साफ कराया बरं." एक क्लॅम्प बोटभर सरकत होता. तो त्यानं कानस मारून बसवला आणि किक दिली.

तोच आवाज. टेलिफोनच्या तारेतून आला होता त्याहून भरदार. नाक्यावरच्या चहावाल्यानं वळून पाहिलं आणि पुन्हा आपल्या किटलीकडे वळला. म्हणजे आवाज कानाला टोचत नव्हता. कुमुदबाईंनी भगवानच्या हातावर पेढा ठेवला आणि तो काळ्या हातानंच त्यानं तोंडात टाकला.

डिसेंबरात त्यांनी रजा टाकली आणि गाडी पुण्याच्या रस्त्याला लावली. जायचं कुठे हे ठरवावं लागलंच नाही, कोल्हापूरच. खोपोली मागे पडली, बोरघाट सुरू झाला. दिनानाथांनी तिसरा गिअर धरून ठेवला. एक वळण, दुसरं वळण. गाडी गुरगुरत चढत राहिली. घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळाशी रिवाजाप्रमाणे नाणं टाकायला थांबायचं होतं, तर ते चक्क विसरून पुढे गेले आणि मग हसत परत फिरले. वर पोचता पोचता कुमुदबाईंच्या कानावर वाऱ्यातून काहीतरी आलं. दिनानाथ गात होते! सूर पार बेसूर. बावीस वर्षं लोकांचे आवाज ऐकलेल्या त्या बाईला तेवढा बेसूर सूर कधी ऐकायला मिळाला नव्हता, आणि तो थांबू नये असं त्यांना वाटत होतं.

साताऱ्यात मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी ते कोल्हापूरच्या एक्सचेंजच्या दारात पोचले. मालूच्या आवाजावरून कुमुदबाईंनी उंच, धिप्पाड बाई मनात रंगवली होती. पायऱ्यांवर एक जेमतेम त्यांच्या खांद्याइतकी, जाड भिंगांचा चष्मा घातलेली बाई उभी होती. कुमुदबाई तिला ओलांडून आत जायला निघाल्या.

"ताई, जोडून देऊ का कुठला नंबर?" मागून आवाज आला.

दोघी रस्त्यातच एकमेकींच्या गळ्यात पडल्या. दिनानाथ हेल्मेट काखेत धरून अवघडून उभे होते, तर मालूनं त्यांनाही वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "भावोजी, मी जन्मात कधी फटफटीवर बसले न्हाई."

मग काय, तिला रंकाळ्याला चक्कर मारून आणायचं ठरलं. मालू पदर खोचून मागे बसली. कुमुदबाई तळ्याच्या कठड्यावर टेकून गाडीची वाट बघत राहिल्या. परत आली तेव्हा मालूचा चष्मा तिरका झाला होता, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती म्हणत होती, "आनि एक! ताई, आनि एकच चक्कर!"

एका दिवसाचा मुक्काम तीन दिवसांचा झाला. सुदामदादांकडे तांबडा रस्सा झाला, पन्हाळा झाला. निघायच्या सकाळी दिनानाथांनी नकाशा काढून गाडीच्या सीटवर पसरला. ड्राफ्ट्समनचं बोट पुण्याच्या रस्त्यावरून सरकत सरकत खाली दक्षिणेकडे गेलं.

"कुमुद," ते घसा साफ करून म्हणाले, "आंबोली घाट काही फार लांब नाही इथून."

कुमुदबाईंनी कातडी पिशवीचा पट्टा आवळला, पदर कमरेला खोचला आणि मागे बसल्या. "दोघांची रजा दोन दिवस वाढवायला मी कालच मालूला पनवेलला कॉल लावायला सांगितला," त्या म्हणाल्या. "मारा किक."