खालच्या मजल्यावरची वकील

२००५ सालच्या एका गुरुवारी माझा मुलगा अनिकेत रस्ता ओलांडताना गाडीखाली गेला. चालवणारा दारू प्यायला होता.

अमेरिकेत, जर्सी सिटीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एक मुलगी राहते. तिचा जन्म इथलाच. ज्यांना वकील परवडत नाही अशा आरोपींसाठी सरकारनं नेमलेली ती वकील आहे. मराठी शब्द अडला की ती बोट वर धरून थांबते, पण वाक्य सोडून देत नाही. बिल्डिंगमधली मुलं भांडली की ज्याच्यावर आळ असेल त्यालाच आधी बोलू देते. त्यांच्या आयांना ते आवडत नाही.

अनिकेतला जाऊन वर्ष झालं तेव्हा ती वर आली.

"काकू, मला ड्रंक ड्रायव्हिंगची केस दिलीय. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. त्यानं वकील मागितल्यावर पोलिसांनी थांबायला हवं होतं, तरी ते त्याला प्रश्न विचारत राहिले."

"प्यायला होता ना तो?"

"असेल. तरी राइट्स त्यालाही आहेत."

मी विचारलं, "अनिकेतला मारणाऱ्याची केस आली असती तर?"

ती म्हणाली, "घेतली असती, काकू. आणि नीट लढले असते."

मी दार लावून घेतलं. दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. 'नाही' म्हणणं तिला सोपं होतं. मला बरंही वाटलं असतं, पण आज तिचा वाटतो तसा अभिमान वाटला नसता. तिसऱ्या दिवशी मीच खाली गेले.

आता घरात मी एकटी आहे. दाराची दुसरी किल्ली तिच्याकडे असते.